मावशी कुठून आली?

सुलभाताई,

खालच्या नाईककाकू आज पुन्हा येऊन गेल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा तुला न्यायची तयारी चालू होती. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून त्या खूप रडल्या. दुसऱ्यांदा पिठलं-भात घेऊन आल्या. आज दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "विचारायला बरं नाही वाटत गं, पण माझं ब्लाउजपीस होतं तिच्याकडे. पुतणीचं लग्न आलंय." मी आत जाऊन शोधलं. मशीनशेजारच्या पिशवीत होतं, जांभळं. तू कापूनसुद्धा ठेवलेलंस. पाठ, पुढचे भाग, बाह्या, सगळं एका टाचणीत. तसंच नेऊन दिलं. काकू ते तुकडे हातात धरून बघत राहिल्या. "आता दुसऱ्या कुणाला देऊ हे?" म्हणाल्या.  मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं हे कळत होतं, तेवढंच. दार लावलं आणि चहाची भांडी घासून टाकली.

सध्या सगळं असंच चाललंय. मी रडलेले नाही. बाबाही रडलेले नाहीत. लोक येतात, मी पाणी देते, काय झालं ते सांगते. आता ते सांगणं इतकं पाठ झालंय की दुसऱ्या कुणाच्या घरातलं सांगतेय असं वाटतं. दुपारी बादल्या भरत होती, चक्कर आली म्हणून खाली बसली, बाबांनी हाक मारली तर नीट बोलता येईना, कल्याणला हॉस्पिटलात नेलं, मी ठाण्याहून पोचले तोवर शुद्ध नव्हती. मग कोणीतरी विचारतंच, "बादल्या कशाला? डोंबिवलीत पाण्याचा त्रास आहे का तुमच्याकडे?" नाही. आमच्या नळाला पाणी असतं. पण तू दिवा स्टेशनजवळ भावाच्या घरी दहा वर्षं काढलेलीस. तिथे टँकर आला की जी धावपळ व्हायची ती तुझ्या अंगातून गेलीच नाही. बाबांशी लग्न करून आमच्याकडे आल्यावरही रोज दुपारी तू घरातलं एकूण एक भांडं भरून ठेवायचीस, आणि मी तुझ्यासमोर नळ सोडून हात धूत बसायचे. मुद्दाम. तेव्हा मी चौदा वर्षांची होते.

मी काय करते ते आता या घरात येणाऱ्या सगळ्यांना कळलंय, कारण बाबा प्रत्येकाला सांगतात, "ही केतकी, पुस्तकं लिहिते." कसली ते त्यांना नीट सांगता येत नाही. तुला यायचं. "वयात येणाऱ्या पोरींची," म्हणायचीस. किशोरांसाठीच्या कादंबऱ्या. शाळा, आरसा, घरातली भांडणं, पहिलं प्रेम. बाबांनी त्यातली एकही वाचलेली नाही. तू सगळ्या वाचल्यास. गिऱ्हाईक नसलं की मशीनवरच पुस्तक उघडून बसायचीस, आणि आवडलं नाही की आधी पाय चालायचा, मशीनचा खडखडाट व्हायचा, मग बोलायचीस.

"तुझ्या पोरींना पानोपानी काहीतरी वाटतच असतं," एकदा म्हणालीस. "पाऊस पडला वाटलं, बस चुकली वाटलं. मला सोळाव्या वर्षी कोणी विचारलंच नाही, बाई तुला काय वाटतंय."

मी हसले. त्यावर मी विचारायला हवं होतं, काय वाटत होतं म्हणून. तुझं आधी एक लग्न झालेलं, ते मोडलं, एवढंच मला ठाऊक होतं, तेही आत्याकडून. तू ते कधी काढलं नाहीस, मीही नाही. आपल्या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही ना. तशी पद्धतच आहे आपली.

पण तुझा माझ्यावरचा खरा आक्षेप वेगळा होता. "तुझ्या सगळ्या पुस्तकांत आई मेलेली असते. मान्य. तुझी गेली होती. पण नंतर कोणी येतच नाही. बाप आणि पोरगी, बाप आणि पोरगी. त्यांचा स्वयंपाक कोण करतं?"

यावर मी तुला माझ्या संपादकबाईंचं मत सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, सावत्र आई आणलीस की पुस्तक तिचं होऊन बसतं. ती वाईट असली तर गोष्ट छळाची होते, चांगली असली तर तिच्या त्यागाची. मुलीकडे कुणी बघत नाही. मला ते पटलं होतं. अजूनही बरंचसं पटतं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मग होऊ दे की माझं. एक पुस्तक माझं झालं तर काय बिघडलं?"

तू आलीस तेव्हा आई जाऊन तीन वर्षं झाली होती. बाबा कंपनीत पाळ्या करायचे, मी गळ्यात किल्ली घालून फिरायचे. आत्याने तुझं स्थळ आणलं. पहिल्याच दिवशी तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, "आई म्हणायची गरज नाही. तुझ्या तोंडाला येणार नाही, माझ्या कानाला बसणार नाही. सुलभाताई म्हण." मी म्हटलं, "बरं. तुम्ही म्हणाल तसं." त्या दिवसापासून मी तुला 'तुम्ही' म्हणायला लागले. सगळ्यांना वाटायचं, किती वळणाची मुलगी. तुला नसेल वाटलं तसं. 'तुम्ही' म्हणजे दाराची आतली कडी होती, आणि ती मी रोज लावत होते.

त्या वर्षांत मी दिसायला फार वाईट होते. असं मला वाटायचं, आणि वर्गातली मुलंही त्याला दुजोरा द्यायची. एकदम उंच झालेले, पाठीत वाकून चालायचे, चेहऱ्यावर पुटकुळ्या, आणि ओठावर लव. मुलं मला इन्स्पेक्टर म्हणायची. घरी मी हे सांगितलं नव्हतं. पण एकदा आपल्या बिल्डिंगखालून दोघं "सलाम साहेब" करत गेले आणि तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस. रविवारी मला गल्लीतल्या पार्लरमध्ये घेऊन गेलीस. मी खुर्चीजवळ घाबरून उभी, तर तू म्हणालीस, "थांब, आधी मी बसते." तू जन्मात कधी ओठावरचे केस दोऱ्याने काढून घेतले नव्हतेस. तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि त्या पार्लरवाल्या बाईला तू म्हणालीस, "अगं बाई, हे लोक आपणहून करून घेतात होय?"

मला हसू आलं होतं. मी ते दाबलं. तुझ्यासमोर हसायचं नाही असं माझं ठरलेलं होतं.

मग अकरावीला कल्याणला कॉलेजात गेले आणि तिथे महेश भेटला. आंबिवलीचा, वडील टेम्पो चालवायचे, सतत केसांवरून हात फिरवायची सवय. एकदा कॅन्टीनमध्ये तो म्हणाला, "तुझे हात मस्त आहेत, केतकी." एवढंच. त्यानंतर आठवडाभर मी स्वतःचे हात बघत होते. माझ्यातली एक तरी गोष्ट कुणाला बघावीशी वाटली होती. पुढे माझ्या पुस्तकांतल्या कितीतरी मुलींना मुलगे असंच काहीतरी म्हणाले. हात, आवाज, एकीला तर मानेवरचा तीळ. तू ओळखायचीस. "आला महेश," म्हणायचीस.

खडवलीला नदीवर जायचं त्यानेच काढलं. घरी मी प्रॅक्टिकल आहे म्हणून सांगितलं. तिथे पाण्यात आम्ही जेमतेम घोट्यापर्यंत उतरलो असू, आणि मी शेवाळावरून घसरले. पाय असा मुरगळला की टेकवता येईना. त्याने मला धरून धरून स्टेशनपर्यंत आणलं. तोही रडकुंडीला आलेला. त्याचा कोणी काका तिथेच जवळ राहायचा, त्याने बघितलं तर काय, या भीतीने तो सारखा मागे बघत होता. स्टेशनबाहेरच्या दुकानात एक रुपया टाकायचा फोन होता. बाबा कामावर. फोन तू उचललास.

मी म्हटलं, "सुलभाताई, मी खडवलीला आहे. पाय मोडलाय बहुतेक. तू ये ना."

तोंडातून 'तू' कसं गेलं, मला कळलंच नाही. तू म्हणालीस, "बस तिथंच. हलू नको. येते."

तू आलीस ती घरातल्याच साडीत. मापाची टेप गळ्यात तशीच लटकत होती. आधी माझा पाय बघितलास, बोटांनी दाबून. "मोडलेला नाही. सुजलाय." मग महेशकडे वळलीस. तो बाकड्याच्या टोकाला उभा होता, पळून जावं की थांबावं हे न ठरल्यासारखा.

"नाव काय तुझं?"

"महेश."

"घरी माहितीये?"

"नाही, काकू."

"सकाळपासून काही खाल्लंस?"

त्याने मान हलवली. प्लॅटफॉर्मवर एक बाई केळी घेऊन बसली होती. तू घेतलीस, त्याला दोन दिलीस, मला दोन. आम्ही दोघं तुझ्या दोन बाजूंना बसून निमूट केळी खाल्ली. माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रेम, आणि मध्ये तू. गाडी येताना दिसली तेव्हा त्याला म्हणालीस, "तू पुढच्या डब्यात बस. आंबिवलीला उतरून सरळ घरी जा. आणि हिला टाकून गेला नाहीस, ते बरं केलंस." आंबिवलीला तो उतरला. आमच्या खिडकीकडे बघत उभा राहिला. तू त्याला हात केलास. मी नाही केला.

रिक्षात तू म्हणालीस, "तुझ्या बाबांना मी सांगणार नाही. तुला वाटलं तर तू सांग." मला कधी वाटलं नाही. जिन्यात पडले, एवढंच आपण दोघींनी सांगितलं. आणि मी 'तू' म्हणाले ते म्हणालेच. परत 'तुम्ही'वर जाता आलं नाही. तूही त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीस.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत हे सगळं आहे. नदी आहे, शेवाळ आहे, एक रुपयाचा फोन आहे. फक्त फोन ऐकून धावत येते ती मुलीची मावशी. पुस्तक छापून आलं, तुला दिलं, आणि आठवड्याने मी घरी आले तर तू मशीनवर बसलेलीस. वर न बघता म्हणालीस, "खडवलीला मी आलेले. ही मावशी कुठून आली?"

"अगं, कादंबरी आहे ती."

"नदी तीच. पाय तोच. केळीपण तीच. मीच तेवढी बदलले होय?"

"मुलीच्या बाजूचं कोणीतरी हवं होतं."

मशीन थांबलं. तू माझ्याकडे बघितलंस. चिडून नाही, कापड कमी भरलं की बघायचीस तसं. "बरं," म्हणालीस आणि परत पाय मारायला लागलीस. थोड्या वेळाने म्हणालीस, "आणि तो पोरगा सोडून गेल्यावर ही चाळीस पानं रडते. महेश सोडून गेला तेव्हा तू आठ दिवस नीट जेवली नाहीस, आणि नंतर एक दिवस कांदाभजी मागितलीस. मी केली, तू ताट साफ केलंस. ते का नाही लिहिलं?"

 भजीची चव अजून आठवते. नाकही चोंदलेलं होतं रडून, आणि तरी फार चांगली लागलेली.

गेल्या वर्षी मी शेवटी लिहिलं. नव्या कादंबरीत एक बाई आहे, मुलीच्या बापाशी लग्न करून आलेली. संपादकबाईंना आवडली. तुझे डोळे कमी झालेले म्हणून मोठ्या अक्षरांत छापून तुला पानं पाठवली. आणि त्या रविवारी, म्हणजे तू जायच्या आधीच्या, तुझा फोन आला. मी घरी ठाण्यात होते, गॅलरीत.

"वाचलं," म्हणालीस.

"मग?"

"ही बाई फार चांगली आहे."

"म्हणजे आवडली?"

"तसं नाही म्हणत मी. पहिल्या दिवसापासून पोरीवर जीव टाकते ही. तिने ताट सरकवलं तरी हसते, उलट बोललं तरी हसते. असं नसतं गं, केतू."

"मग कसं असतं?"

तू नेहमीच्याच आवाजात बोललीस. कापड पुरणार नाही हे सांगताना असायचा तसा. "मला तू आवडायची नाहीस. पहिली दोन वर्षं तरी. मी वाढलेली भाजी तू बाजूला सारायचीस, आणि मी आत गेले की खायचीस. मला दिसायचं सगळं. नळ सोडून ठेवायचीस ते तर माझ्या डोक्यात जायचं. तुझा राग यायचा मला. एकदा-दोनदा वाटलेलं, कुठून या घरात आले. ते लिही."

मी विचारलं, "आणि नंतर?"

"नंतर काय... थांब, डाळ लागतेय वाटतं खाली. बोलू मग."

ते बोलणं झालं नाही.

मला वाईट वाटलं असेल असं तुला वाटलं का? परत फोन करून मी सांगायला हवं होतं. मला तसं काही वाटलं नाही. फोन ठेवला आणि एकदम अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की त्या घरात वाईट मी एकटीच होते. तू समजूतदार, सोसणारी, आणि मी तुला छळणारी कार्टी. हे मनात धरून तुझ्यासमोर बसणं जड जायचं मला. बहुतेक म्हणूनच तुला पुस्तकात आणता येत नव्हतं. तुझा माझ्यावर राग होता, हे तू मला दिलेलं सगळ्यात चांगलं काहीतरी आहे, आणि त्याबद्दल धन्यवाद म्हणायचे राहिले.

परवा मी बाबांना विचारलं. ते दुपारचे खुर्चीत बसले होते, टीव्ही बंद, तरी त्याच्याकडे बघत. मी म्हटलं, "बाबा, सुलभाताईला मी आवडत नव्हते का? सुरुवातीला."

  ते टीव्हीकडेच बघत म्हणाले, "एकदा गेलेली ती. दिव्याला, भावाकडे. तू शाळेच्या सहलीला होतीस तेव्हा. म्हणाली, पोरगी मला भिंत समजते, मला नाही जमत."

"मग तुम्ही आणायला गेलात?"

"गेलो. नाही आली. तू यायच्या आदल्या दिवशी आपली आपण आली. पिशवी ठेवली, पाणी भरायला लागली."

"का आली?"

"मी नाही विचारलं."

मी म्हटलं ना, पद्धतच आहे.

बाबा म्हणाले, "खडवलीचं तिने मला त्याच दिवशी सांगितलेलं."

 अठरा वर्षं झाली, सुलभाताई. अठरा वर्षं मी समजत होते की ते फक्त आपल्या दोघींत आहे.

"मला म्हणाली, तुम्हाला माहीत नाही असं वागायचं. एक अक्षर काढलंत तर बघा. मी आपला गप्प." बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "पण आधी ते नाही सांगितलं. मी चपला काढत होतो तर म्हणाली, आज पोरीने मला बोलावून घेतलं. तिने फोन करून मला बोलावलं. दोनदा म्हणाली. पोरगा, नदी वगैरे मग जेवताना सांगितलं."

एवढं बोलून बाबा उठले आणि त्यांनी टीव्ही लावला. मी स्वयंपाकघरात गेले. तिथे करण्यासारखं काही नव्हतं. ओट्याला टेकून उभी राहिले. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. येईल कधीतरी. मी वाट बघत नाही.

काल कादंबरीची फाइल उघडली. संपादकबाई म्हणाल्या, घाई नाही, सावकाश कर. तुझ्या बाईचं हसणं मी सगळीकडून काढून टाकलं. ताट सरकवल्यावर आता ती हसत नाही. आत जाते, आणि भांडं जरा जोरात ठेवते. तिने नुसतं एवढं केलं आणि पहिल्यांदा मला ती घरात चालताना दिसली. एक वाक्य घातलं, की तिला ती मुलगी आवडत नव्हती. वाचून बघितलं, बरोबर वाटलं.

पुढे अडलेय. दिव्याला भावाच्या घरी ती दोन-चार दिवस काय करते, कोणाशी बोलते, आणि कुणी आणायला आल्यावर न येणारी बाई नंतर आपली आपण पिशवी उचलून का निघते, ते मला माहीत नाही. बाबांना माहीत नाही. तुझ्या भावाला विचारलं तर ते म्हणाले, "ताई कधी आलेली? आठवत नाही." म्हणजे ते आता मलाच रचावं लागणार. माझं काम तेच आहे, जमेल मला, वाचणाऱ्या मुलींना खरंही वाटेल. चुकलं तर सांगणारं कोणी राहिलं नाही, एवढंच.